शेगडीविना स्वयंपाक : प्रकल्प नोंदी

३ मार्च

उद्दिष्ट: ओट्याचं काम संपेपर्यंत घरात शेगडी नाही. मायक्रोवेव्ह आणि ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) एवढंच आहे, आणि एवढ्यावर रोजचं जेवण नीट झालं पाहिजे. 'नीट' म्हणजे काय तेही आजच लिहून ठेवते, नाहीतर आठवडाभरात तयार पाकिटं फोडून गरम करण्यालाच स्वयंपाक म्हणायची पाळी येईल. माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं, मीठ ५ ग्रॅमच्या आत (दोन्ही आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे), प्रत्येक जेवणात डाळ, अंडं, मासा, चिकन यांपैकी काहीतरी, आणि तेल चमच्याने मोजून. खाणारी माणसं दोन, मी आणि ताई.

ताईची अट: "रोज उकडलेलं घालणार असशील तर आत्ताच सांग, मी बाहेर जेवेन." अट रास्त आहे, उद्दिष्टात धरली.

यंत्रं: मायक्रोवेव्ह साधा, कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजण्याची सोय) नसलेला, मागच्या पट्टीवर ८०० वॉट. ओटीजी मध्यम आकाराचा, वर दोन आणि खाली दोन रॉड, एक ट्रे, एक जाळी, पंखा नाही. दोन्ही एकाच सॉकेटवर एकदम चालवायचे नाहीत. दोन्ही मिळून अडीच हजार वॉटच्या पुढे जातात, आणि एक्स्टेंशन बोर्ड हा त्यावरचा उपाय नव्हे.

४ मार्च

कृतींमध्ये 'मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं. कोणाच्या मायक्रोवेव्हमध्ये, ते लिहिलेलं नसतं. म्हणून आधी यंत्राची ताकद मोजली. १ लिटर पाणी, थर्मामीटरने तापमान, पूर्ण पॉवरवर बरोबर २ मिनिटं, ढवळून पुन्हा तापमान. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणलं की वॉट मिळतात. (लिटरभर पाणी १ अंशाने तापवायला ४,१८६ जूल लागतात, त्याला १२० सेकंदांनी भागायचं.) आमचं पाणी २४ वरून ४४ वर गेलं, म्हणजे ७०० वॉट. थोडी उष्णता काचेच्या भांड्यानेही घेतली असणार, पण स्वयंपाकाला एवढा हिशेब पुरे. इथून पुढच्या सगळ्या वेळा ७०० वॉटच्या आहेत. ८०० साठी लिहिलेली चार मिनिटं आमच्याकडे साडेचार होतील.

मग पॉवरचं बटण. आपल्या यंत्रात ५०% म्हणजे अर्ध्या जोराने चालणं नव्हे. मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) काही सेकंद पूर्ण जोराने चालतो, मग काही सेकंद गप्प बसतो. कान दिला तर घरघर बदलताना ऐकू येते. इन्व्हर्टरवाली यंत्रं खरोखर कमी जोराने चालतात, हे तसं नाही. पण गप्प बसण्याचा वेळ फुकट जात नाही. तेवढ्यात तापलेल्या भागातली उष्णता न तापलेल्या भागात सरकते. बहुतेक घरांत हे बटण वर्षानुवर्षं कोणी दाबलेलं नसतं. सगळं पूर्ण पॉवरवर, आणि मग 'मायक्रोवेव्हचं अन्न चिवट होतं' ही तक्रार. शेगडी कायम मोठ्या आचेवर ठेवून तरी कोण स्वयंपाक करतं?

५ मार्च

ओटीजीची तपासणी. आत जाळीवर ओव्हनचा थर्मामीटर ठेवला, बटण २०० वर. काटा १७५ ते २०५ मध्ये वरखाली होत राहिला. थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत असल्यामुळे हे चढउतार राहणारच. महत्त्वाचं निरीक्षण वेगळं आहे. रॉड चालू असल्याचा दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा फक्त आतली हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे नाही. तेवढ्यात दार उघडलं की सगळं खाली येतं. दिवा दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबायचं, आमच्या ओटीजीला त्याला दहा-बारा मिनिटं लागतात.

जाळीभर पावाच्या चकत्या मांडून नकाशाही काढला. मागची डावी बाजू सर्वांत आधी काळवंडली, दारापाशी जवळजवळ पांढरं. तेव्हा प्रत्येक ट्रे अर्ध्या वेळात फिरवायचा. वरचा रॉड ट्रेच्या फार जवळ आहे, वरचा खाच फक्त शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी.

पावाचे तुकडे वाया गेले नाहीत, कुस्करून बरणीत भरले.

७ मार्च

भाज्या. ब्रोकोली २५० ग्रॅम, सारख्या आकाराचे तुरे, काचेच्या बाउलमध्ये देठ बाहेरच्या कडेला, दोन मोठे चमचे पाणी, वर ताटली. पूर्ण पॉवर ३ मिनिटं, मग २ मिनिटं झाकण न काढता तसंच. रंग हिरवागार, देठ चावताना किंचित कुरकुरीत.

देठ बाहेर ठेवण्याचं कारण असं. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थात साधारण १ ते ३ सेंटिमीटरच शिरतात, आणि फिरत्या काचेच्या मध्यापेक्षा कडेचा भाग जास्त वेळा तापट जागांतून जातो. जाड, शिजायला वेळ लागणारं ते कडेला, नाजूक ते मध्ये. मधली जागा रिकामी ठेवून कडं केलं तर सर्वांत छान.

आरोग्याच्या दृष्टीने मायक्रोवेव्हची भक्कम बाजू इथे आहे. 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात आणि उष्णतेत जितका वेळ राहतील तितके कमी होतात. भांडंभर पाण्यात भाजी उकळून ते पाणी ओतून दिलं की त्यातला बराच भाग पाण्याबरोबर जातो. इथे पाणी दोन चमचे आणि वेळ तीन मिनिटं. तळाशी उरतं ते पाणीसुद्धा डाळीत घालता येतं.

मीठ शेवटी. कोरडं मीठ आधी भुरभुरवलं तर ते पडलेल्या जागा जास्त तापून सुकतात, गाजरावर तर सुरकुतलेले डाग दिसतात. शेवटी घातलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे कमी घालूनही चालतं.

पालकाला वेगळं पाणी नको, धुतल्यावर पानांवर राहतं तेवढं पुरतं, २०० ग्रॅमला २ मिनिटं. फरसबीला ५. वांगं मायक्रोवेव्हमध्ये मऊ होतं, पण चव येत नाही, ते ओटीजीच्या यादीत.

८ मार्च

भांड्यांची परीक्षा: रिकामं भांडं आणि शेजारी पाण्याचा कप, १ मिनिट. पाणी तापलं आणि भांडं थंड राहिलं तर पास. दोन सुंदर मग नापास झाले, कान धरवेना. पाण्याचा कप शेजारी हवाच, यंत्र रिकामं चालवायचं नसतं. प्लास्टिकवरच्या 'मायक्रोवेव्ह सेफ' या शब्दांवर विसंबण्यापेक्षा काच बरी, तेलकट पदार्थांना तर काचच. मात्र फ्रिजमधून काढलेली काच थेट तापलेल्या ओटीजीत घालायची नाही, तडकते.

१० मार्च

भात. २०० ग्रॅम तांदूळ धुऊन, ४५० मिली पाणी, तीन लिटरचं खोल भांडं. भांडं इतकं मोठं का, हे उकळी आल्यावर कळतं. पिष्टाचा फेस तिप्पट वर चढतो. झाकण तिरकं. पूर्ण पॉवर साडेपाच मिनिटं म्हणजे उकळी, मग ५०% वर १२ मिनिटं, मग झाकण घट्ट लावून १० मिनिटं हात लावायचा नाही. मोकळा झाला. ताई पहिल्यांदा काही न बोलता जेवली, म्हणजे चांगला झाला.

वेळ मात्र शेगडीइतकाच लागला. मायक्रोवेव्ह पटकन पाणी उकळतो, पण तांदळाच्या दाण्यात पाणी मुरायला लागणारा वेळ तो कमी करू शकत नाही. हे आधीच समजून घेतलेलं बरं, कारण 'मायक्रोवेव्ह म्हणजे झटपट' ही समजूत धान्य-डाळींना लागू नाही. फायदा दुसरा आहे. खाली लागत नाही, करपत नाही, आणि बाजूला उभं राहावं लागत नाही. हातसडीचा किंवा ब्राऊन तांदूळ घ्यायचा तर आधी तासभर भिजवायचा आणि ५०% वर २५ मिनिटं, पाणीही थोडं वाढवून.

११ मार्च

मसूर डाळ, १५० ग्रॅम, अर्धा तास भिजवलेली, ६०० मिली पाणी, तेच मोठं भांडं. उकळी, फेस काढला, ५०% वर १७ मिनिटं, मध्ये एकदा ढवळली. घोटल्यावर एकजीव. चिरलेलं गाजर पहिल्यापासून, पालक शेवटच्या दोन मिनिटांत. लिंबू, मिरी. एका भांड्यात प्रथिनं आणि भाजी दोन्ही, धुवायला एकच भांडं. ही कृती कायमची.

१३ मार्च

आजचा बटाटा महत्त्वाचा.

नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये केलेला बटाटा शिजतो, पण साल ओलसर आणि चव मंद. कारण सरळ आहे. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि बाहेरची हवा तर थंडच असते. भाजल्याचा रंग आणि वास ज्या क्रियेतून येतो, ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. अमिनो आम्लं आणि साखर यांची ही क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजे पृष्ठभाग आधी कोरडा हवा, मग तापट हवा.

नुसत्या ओटीजीत उलट अडचण. २०० ग्रॅमचा अख्खा बटाटा आतपर्यंत मऊ व्हायला जवळजवळ तास लागतो.

तेव्हा काम वाटून दिलं. दोन बटाटे, काट्याने टोचून (वाफेला वाट हवी, नाहीतर फुटतात), मायक्रोवेव्हमध्ये ८ मिनिटं, अर्ध्यात उलटे. ओटीजी त्याआधीच २२० वर तापवून ठेवलेला. बाहेर काढून मिनिटभर वाफ जाऊ दिली, अर्धा चमचा तेल चोळलं, जाळीवर १३ मिनिटं. साल कुरकुरीत, आतून भुसभुशीत. ओटीजी तापवणं सोडून एकूण वेळ पंचवीस मिनिटांच्या आत.

ताई: "हे रोज चालेल." रोज नाही चालणार, पण सूत्र हाती लागलं. आतलं काम मायक्रोवेव्हचं, बाहेरचं काम ओटीजीचं. पाण्याशी संबंधित जे जे आहे ते पहिल्याकडे, कोरड्या उष्णतेशी संबंधित ते दुसऱ्याकडे. या वाटणीमुळे तेलही आपोआप कमी लागतं. मोठा चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात. तव्यावर तेल कडे-कोपरे ओले करायला जातं, इथे ते फक्त सालीवर चोळायला लागतं.

१४ मार्च

कालच्याला जोडून. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले-तळले की ॲक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. उकडताना ते होत नाही. म्हणून आमची पद्धत इथेही कामाची, बटाटा शिजण्याचा मोठा भाग १०० अंशांवरच उरकतो आणि ओटीजीत थोडाच वेळ जातो. फोडी करायच्या असतील तर आधी अर्धा तास पाण्यात, मग चांगल्या पुसून. रंग सोनेरी झाला की बाहेर, तपकिरीची वाट पाहायची नाही.

१७ मार्च

अंडी. सालीसकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. उकडून सोललेलं अंडंसुद्धा पुन्हा गरम करायचं नाही, ते बाहेर काढल्यावर चावताना फुटू शकतं. आत अतितप्त पाण्याचे कप्पे तयार होतात आणि धक्का लागला की एकदम वाफ होते.

फेटलेलं अंडं सुरक्षित आणि सोपं आहे. दोन अंडी, चमचाभर दूध, मिरी, ३०-३० सेकंदांनी ढवळत. पूर्ण सेट व्हायच्या आधी थांबवायचं, बाकीचं स्वतःच्या उष्णतेने होतं. पण खरी पसंती ओटीजीला. चार अंडी, वाफवलेला पालक घट्ट पिळून, कांदा, मिरची, थोडं दूध, मफिनच्या साच्यात १८० वर १६ ते १८ मिनिटं. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात, नाश्ता सुटला.

ओट्सचंही लिहून टाकते. ४० ग्रॅम, २४० मिली पाणी, खोल बाउल, ५०% वर ५ मिनिटं. पूर्ण पॉवरवर हेच ओट्स काचेच्या प्लेटवर मिळतात.

१९ मार्च

ट्रे-भर भाज्या. गाजर, फ्लॉवर, कांदा, वांगं. गाजराचे तुकडे आधी ३ मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये, बाकी कच्चं. सगळं पुसून कोरडं, एक मोठा चमचा तेल हाताने चोळून, २०० वर २५ मिनिटं, मध्ये ट्रे फिरवून.

दोन पद्धतींनी केलं. एकदा ट्रे गच्च भरून, एकदा तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडून. गच्च ट्रेवर भाज्या स्वतःच्याच वाफेत शिजल्या, एकही कड लाल झाली नाही. मोकळ्या ट्रेवरच्या फ्लॉवरला खमंग कडा. छोट्या ओव्हनची खरी मर्यादा तापमान नसून ट्रेचं क्षेत्रफळ आहे. दोघींपुरतं एका ट्रेत बसतं. चौघांचा स्वयंपाक असता तर दोन फेऱ्या, आणि मग हा खेळ वेळखाऊ झाला असता.

शिजवलेले काबुली चणे याच पद्धतीने, टॉवेलने पुसून, २०० वर २५ ते ३० मिनिटं. पुसण्यात आळस केला तर नुसते कडक होतात, कुरकुरीत नाही. संध्याकाळी पाचच्या भुकेला चांगला उतारा.

२० मार्च

कडधान्यांचा निर्णय. कोरडा राजमा या दोन यंत्रांत शिजवायचा नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक प्रकारचं प्रथिन) असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. ते नष्ट करायला रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळ उकळायला हवं. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. मायक्रोवेव्हमधली असमान उष्णता आणि ५०% वरची चालू-बंद उकळी यांवर ही जोखीम कोण घेईल? डब्यातला शिजवलेला राजमा घ्यायचा आणि चाळणीत धुऊन घ्यायचा, म्हणजे मीठही बरंच जातं.

डब्यावर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असतं. सोडियम गुणिले अडीच म्हणजे मीठ. एका तयार सूपच्या पाकिटावर हा गुणाकार केला आणि पाकीट परत ठेवलं.

२३ मार्च

गोठवलेला मासा. 'डीफ्रॉस्ट' बटणामागचं कारण आज नीट कळलं. बर्फ या लहरी पाण्यापेक्षा खूपच कमी शोषतो. म्हणून गोठलेल्या तुकड्याची एक कड वितळली की ती कडच सगळी ऊर्जा ओढून घेते. मधला भाग दगड आणि कड शिजलेली, असा प्रकार त्यातूनच होतो. ३०% पॉवर, मध्ये थांबे, दर दोन मिनिटांनी उलटा. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेला मासा-मांस लगेच शिजवायचं, ठेवून द्यायचं नाही. वेळ असेल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवणं केव्हाही सरस.

शिजवणं: दोन तुकडे, मिळून ३०० ग्रॅम, शेपटीकडचा पातळ भाग आत दुमडून. लिंबू, लसूण, मिरी, झाकून ७०% वर ४ मिनिटं, २ मिनिटं विसावा. मध्ये थर्मामीटर खुपसला, ६३ अंशांच्या वर हवा, ६८ मिळाला. लुसलुशीत. पूर्ण पॉवरवर असा मासा होत नाही.

२६ मार्च

चिकन. मांड्यांचे तुकडे, दही-लसूण-मिरीत दोन तास, २०० वर ३५ मिनिटं जाळीवर, खाली ट्रेमध्ये बटाट्याच्या फोडी. हाडाजवळ ७४ अंश झाल्याशिवाय बाहेर नाही. रस पारदर्शक दिसतो की नाही यावर विसंबायचं नाही, थर्मामीटर आहे तर वापरायचा.

मायक्रोवेव्हमध्ये अर्धं शिजवून ओटीजीत पूर्ण करता येतं, वेळही वाचतो. अट एवढीच, पहिल्यातून काढलं की थेट तापलेल्या दुसऱ्यात. अर्धकच्चं चिकन 'नंतर बघू' म्हणून ओट्यावर किंवा फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे जंतूंना हवी ती ऊब आणि वेळ देणं.

२८ मार्च

ताईचा प्रश्न, जरा उशिराच आला: "रोज एवढी किरणं खातोय आपण, काही होणार तर नाही ना गं?"

उत्तर इथेही लिहून ठेवते. या लहरींची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ, लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्या पाण्याच्या रेणूंना उलटसुलट फिरवतात, त्यातून उष्णता होते, एवढंच. यंत्र बंद झालं की लहरी संपल्या, अन्नात काही शिल्लक राहत नाही. दारातल्या जाळीची भोकं लहरींच्या मानाने इतकी बारीक आहेत की त्या बाहेर पडत नाहीत, प्रकाश मात्र पडतो, म्हणून आतलं दिसतं. दार वाकडं झालं, बिजागरी ढिली झाली किंवा कडेची पट्टी खराब झाली तर मात्र यंत्र वापरायचं नाही.

खरी भीती भाजण्याची आहे. गुळगुळीत कपात तापवलेलं पाणी न उकळता १०० च्या वर जाऊ शकतं आणि चमचा घालताच उसळतं. पाण्यात आधीच लाकडी काडी ठेवायची.

तिला चॉकलेटचा प्रयोगही दाखवला. फिरती काच काढून चॉकलेटची वडी ठेवली, काही सेकंद. ठिपक्या-ठिपक्यांनी वितळली, दोन ठिपक्यांत साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीचा अर्धा. त्याची दुप्पट गुणिले वारंवारता केली की प्रकाशाचा वेग जवळपास येतो. ताईला गणितापेक्षा चॉकलेटमध्ये रस होता, पण अन्न मध्येच ढवळायचं का असतं हे मात्र पटलं.

जाता जाता. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी रडारच्या मॅग्नेट्रॉनवरून ही पद्धत काढली. १९४७ चं पहिलं विक्रीचं यंत्र माणसाइतकं उंच आणि सुमारे ३४० किलोचं होतं. टेबलावर मावणारं यायला १९६७ उजाडलं.

१ एप्रिल

चवीचा पाया. शेगडी नसल्याची खरी चणचण इथे जाणवते, कांदा-लसूण परतायचं कुठे? तेल या लहरी फारशा शोषत नाही, म्हणून चमचाभर तेल एकटं लवकर तापत नाही. पण त्यात चिरलेला कांदा असला की कांद्यातलं पाणी तापतं. दोन कांदे बारीक चिरून, दोन छोटे चमचे तेल, झाकून ३ मिनिटं, ढवळून, झाकण काढून आणखी ३. पारदर्शक आणि गोडसर होतो. लाल हवा असेल तर तोच कांदा ट्रेवर पसरून ओटीजीत २०० वर १० मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर, १८० वर ४० मिनिटं, आंबटपणा घट्ट होतो. कांदा, टोमॅटो आणि भाजलेला लसूण एकत्र वाटून बाटलीत ठेवला. डाळ, राजमा, अंडी, कशातही दोन चमचे. यानंतर 'उकडलेलं' हा शब्द ताईच्या तोंडून ऐकला नाही.

मायक्रोवेव्हमध्ये तळण मात्र नाही. तेलाचं तापमान आवरता येत नाही.

५ एप्रिल

आठवड्याची तयारी. भात, डाळ, भाजलेल्या भाज्या, अंड्यांचे मफिन.

भाताची काळजी सर्वांत जास्त. बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात खोलीच्या तापमानाला पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात उथळ डब्यात पसरून तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा. बाकी शिजलेलं अन्न ४ अंशांवर तीन-चार दिवस. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, मध्ये ढवळून, सगळीकडे ७४ अंश. एकदाच, आणि खायचं तेवढंच.

भाजलेल्या भाज्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या की पुन्हा लिबलिबीत. त्यांना ओटीजीत ५ मिनिटं.

९ एप्रिल

रोजची संध्याकाळ आता अशी बसली आहे. आल्याबरोबर तांदूळ धुऊन मायक्रोवेव्हमध्ये, एकूण सतरा-अठरा मिनिटं. तेवढ्यात चिरणं. भात उतरवून झाकून ठेवला की ओटीजी चालू, दोन्ही एकदम नकोत या नियमामुळे. ट्रे आत गेल्यावर उरलेला वेळ कोशिंबिरीला आणि भांड्यांना. ओटीजी बंद केल्यावर मायक्रोवेव्हमध्ये हिरवी भाजी ३ मिनिटं, ती नेहमी शेवटी, कारण ती थांबत नाही. विसाव्याचा वेळ धरून पाऊण ते एक तास.

ओटीजी बंद केल्यावरही आतली धग दहा मिनिटं राहते. त्यात दुसऱ्या दिवसाचे शेंगदाणे किंवा बिया कोरड्या होतात.

१० एप्रिल

साफसफाई: बाउलमध्ये पाणी, लिंबाची फोड आणि लाकडी काडी, ४ मिनिटं, दार बंद ठेवून ५ मिनिटं, मग पुसायचं. सांडलेले थर तसेच राहिले तर तेच तापतात आणि जळतात. ओटीजीचा चुऱ्याचा ट्रे दर दोन दिवसांनी. तोच धुराचा बाप.

१२ एप्रिल

न जमलेल्या गोष्टी, दोन्ही यंत्रांना दोष न देता. पातळ चपटी भाकरी-पोळी: ओटीजी २५० वरही तव्याची धग देत नाही, कडक पापुद्रा होतो. कोरडी कडधान्यं: वर लिहिलंच आहे. पालेभाजी कोरडी परतणं: पाणी सुटतं आणि जात नाही. त्यावर तोड अशी, मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून पिळायची आणि बाटलीतल्या वाटणात कालवायची, दोन मिनिटं पुन्हा, झाकण न ठेवता. परतल्यासारखी लागत नाही, पण चांगली लागते.

पोळीऐवजी कणकेचा जाड पाव करून पाहायचा आहे. कणीक, दही, बेकिंग सोडा, मीठ बेताचं, यीस्ट नको म्हणजे फुगायची वाट पाहायला नको. २०० वर अर्धा तास, खालचा खाच, शेवटी टोचून बघायचं. ताईने त्यात तीळ सांगितलेत. उद्या कणीक आणायची.